पत्रास कारण, मी मेलेली नाही

३ मार्च

ठकूबाईस तिच्या मयत आईचे आशीर्वाद.

घाबरू नकोस, अक्षर माझं नाही. मेल्यावर तरी लिहायला येत असेल असं मला वाटलं होतं, पण तसं काही होत नाही. मी बोलते आणि शेजारच्या मास्तरीणबाई लिहितात. शाळेतून निवृत्त झाल्या, हात शिवशिवतात, म्हणून तयार झाल्या. आधी त्यांनी वर काहीतरी लांबलचक मायना घातला होता. मी म्हटलं, खोडा. मी बोलते तसंच लिहा, नाहीतर माझ्या लेकीला वाटेल दुसरीच कुणी मेली.

आता मी कशी गेले ते ऐक. आमच्या इस्त्रीवालीची भाची तुमच्या गावी डोळे दाखवायला गेली होती. दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, सून फार गुणाची आहे हो, पण बिचारीला आई नाही. लग्नाआधीच तापाने गेली, तीन दिवसांत. तेवढ्यात सासूबाईंना न्यायला सूनबाई आली. ती तू. भाचीने तुला ओळखलं, तूही तिला ओळखलंस आणि भिंतीवरची डोळ्यांची चित्रं बघायला लागलीस.

तीन दिवसांत? मी जरा चिवट निघेन असं मला वाटलं होतं. निदान आठवडा तरी द्यायचास.

मी रडले का? नाही. भाचीने सांगितलं त्या दिवशी दोनशे चादरी यायच्या होत्या. मला नात आहे, सहा वर्षांची आहे, तिचा पुढचा दात पडलाय, हे सगळं मला त्या बाकामार्फत कळलं. त्या बाकाचे उपकार आहेत.

आठ वर्षांपूर्वी तू आमच्या इस्पितळाच्या धुलाईखोलीत आली होतीस ते आठवतं. सगळीकडे वाफ होती आणि तू रुमाल नाकाला लावून उभी होतीस. म्हणालीस, "आई, लग्नाला येऊ नको. तू काही बोलली नाहीस तरी तुझ्या हातांवरून कळतं." मी हात बघितले. सोड्याने पांढरे पडलेले, नखं खाल्लेली. खरंच कळतं. पुलापलीकडच्या बायकांनाच असली कामं मिळतात, म्हणून असले हात आमचेच. पुलाअलीकडे राहायला येऊन तीस वर्षं झाली, तरी आम्ही पलीकडच्या. पलीकडची माणसं घाणेरडी, हाताने चलाख, दोऱ्याने करणी करणारी. हे मी सांगत होते तेव्हा मास्तरीणबाईंनी खाली बघून भराभर लिहिलं. त्याही अलीकडच्याच.

मी लग्नाला आले नाही. पण येऊ नको म्हणणं वेगळं आणि मेली म्हणणं वेगळं. पहिलं मी गिळलं. दुसरं गिळणार नाही.

उत्तर धाड. तुला लिहिता येतं. त्यासाठीच मी सोड्यात हात घातले होते.

२० मार्च

ठके,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. मास्तरीणबाईंनी दोनदा वाचून दाखवल्या, मला वाटलं मागच्या बाजूला काही असेल. घरच्या पत्त्यावर लिहू नकोस, कचेरीच्या लिही, नाहीतर सगळं विस्कटेल, समजून घे. बरं. समजून घेतलं. म्हणून हे पत्र उघड्या कार्डावर पाठवायचं ठरवलं होतं, म्हणजे तुमच्या पोस्टमनलाही समजून घेता येईल. पण कार्डावर माझं बोलणं मावेना, म्हणून वाचलीस.

आमच्याकडे नवी देखरेखीची बाई आली आहे. कपड्याला खळ घालून वाळवावं तशी ताठ, म्हणून आम्ही तिला खळबाई म्हणतो. तिच्या तोंडावर नाही. तोंडावर बाईसाहेब.

आपल्या धुलाईखोलीचं तुला ठाऊक आहे, पण लिहिणारीसाठी सांगते. मध्ये भिंत आहे आणि भिंतीत खिडकी. मागच्या दाराची बाजू मळकी, तिथे वॉर्डांतून आलेल्या चादरी निवडायच्या, उकळायच्या, धुवायच्या. खिडकीतून त्या पुढच्या दाराकडे गेल्या की स्वच्छ बाजू, तिथे घड्या आणि इस्त्री. बावीस वर्षांत मी ती खिडकी ओलांडलेली नाही. आम्ही पाचजणी पुलापलीकडच्या, पाचहीजणी मळक्या बाजूला. मी धुतलेली चादर स्वच्छ असते, मी मात्र नसते.

आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नाही, म्हणून मी चादरींच्या कोपऱ्याला दोऱ्याच्या खुणा घालत आले. माझी आई लोकांचे कपडे धुवायची, तिने शिकवलं. तीन लाल टाके म्हणजे ताप-विभाग, दोनदा उकळा आणि औषधाच्या पाण्यात बुडवा. एक निळा म्हणजे बाळंतिणी आणि बाळं, त्यांचं भांडंच वेगळं. गाठोड्यावर एक आडवा कच्चा टाका म्हणजे धुऊन तयार आहे, न्यायला या. नेणाऱ्याने तो ओढून काढायचा. हे सांगितलं तर मास्तरीणबाई म्हणाल्या, ही तर लिपी झाली. मी म्हटलं, झाली असेल, आम्ही तिला टाके म्हणतो.

खळबाईने आल्या आठवड्यात सगळे टाके उसवायला लावले. म्हणे रोगी तक्रार करतात, पलीकडच्यांनी चादरीला दोरा बांधला की त्यांना धडकी भरते. चार दिवस आम्ही कात्र्या घेऊन बसलो होतो. आता कोपऱ्यावर शाईचा शिक्का असतो. अक्षरांचा. म्हणजे ज्यांनी चादरी निवडायच्या त्यांनाच तो वाचता येत नाही. तिने आम्हाला अक्षरांचा आकार दाखवला, हा कंदिलासारखा दिसतो तो ताप, हा खुर्चीसारखा ती बाळं. मी म्हटलं, बाईसाहेब, ही शाई उकळत्या पाण्यात टिकायची नाही. ती म्हणाली, "तू तुझं काम कर."

उसवताना मला तू आठवलीस. तू शिकायला गेलीस तेव्हा तुझ्या एकेका कपड्याला मी आपल्या घरची खूण घातली होती, दोन उभे टाके आणि शेजारी गाठ. लग्नाआधी तू बसून त्या सगळ्या ब्लेडने काढल्यास. झग्याच्या कोपऱ्याला भोकं राहिली होती, ती मला दिसली.

या खळबाईबद्दल मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली. ती सांगत नाही. लिहिणारीला कान आहेत. मी पत्र सांगायला त्यांच्याकडे येते तेव्हा मला चहा मिळतो, पण खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपातून. त्या कपाचा कान तुटलाय. हेही लिहा, म्हटलं. त्यांनी लिहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले. कपाचा प्रश्नच नाही.

७ एप्रिल

ठके,

शाई गेली. चौथ्या उकळीला कंदीलही गेला आणि खुर्चीही. सगळ्या चादरी सारख्या, पांढऱ्या आणि मुक्या. खळबाईला दाखवलं तर म्हणाली, नवी शाई मागवली आहे, तोवर नजरेने ओळखा.

मग माझी दाढ दुखायला लागली. गाल असा सुजला की इस्त्रीवाली म्हणाली, आता तू खात्यापित्या घरची दिसतेस. दाढ काढून दोन दिवस घरी पडले. तिसऱ्या दिवशी गेले तर सगळ्या माना खाली. बाळंतिणींच्या खोलीत तीन बाळांच्या अंगाला फोड आले होते. डॉक्टर म्हणाले, चादरीतून आलं, ताप-विभागाच्या चादरी नीट न उकळता तिथे गेल्या. बाळं बरी होताहेत. पण एकाच्या पाठीचे फोड मी दारातून बघितले, ते डोळ्यांपुढून जात नाहीत.

दोष कुणाचा ते दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. कुणी शोधत बसलं नाही, दोष मळक्या बाजूच्याच कुणाचा तरी असायला हवा होता, आणि मळक्या बाजूला आम्हीच. जिन्यावर एका बाळंतिणीच्या सासूने मला बघून पदर सावरला. एक वॉर्डबाई म्हणाली, यांना स्वच्छता कुठे ठाऊक. बावीस वर्षं ती माझ्या हातच्या चादरी अंथरते आहे.

संध्याकाळी खळबाईने एक कागद पुढे केला. म्हणाली, "दाढेच्या रजेचा आहे, अंगठा दे." मी म्हटलं, वाचून न घेता मी अंगठा देत नाही, माझ्याजवळ तेवढी एकच सही आहे. ती म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही? मी म्हटलं, विश्वास आहे, चष्मा नाही. आणि कागद पोलक्यात घालून घरी आणला.

मास्तरीणबाईंनी वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज शाळेतला झाला. त्यात लिहिलं होतं की चूक माझ्या हातून झाली, आम्हा पाचजणींचं काम अस्वच्छ आहे, आणि यापुढे धुलाईखोलीत पुलापलीकडच्या बायका घेऊ नयेत याला माझी हरकत नाही. एका अंगठ्यात पाच घरं उठली असती. माझ्यामागून कुणी आली असती तर तिच्यापुढेही दार बंद.

मी अंगठा दिलेला नाही. पुढच्या बुधवारी मोठ्या डॉक्टरांपुढे बोलावलं आहे. सगळे म्हणतात माफी माग, वयाकडे बघून सोडतील, निदान बाकीच्या चौघी राहतील. मी आयुष्यात पुष्कळ डाग काढले, पण दुसऱ्याचा डाग आपल्या पदराला लावून घ्यायला मला कुणी शिकवलेलं नाही.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. शाई जायला लागली त्या दिवसापासून मी गप्प बसलेली नाही. काय केलं ते बुधवारी सांगेन. तुलाही नंतरच, उतावळी आहेस.

१६ एप्रिल

ठके,

लांबलचक टेबल होतं. एका टोकाला मोठे डॉक्टर, बाजूला खळबाई, आणखी दोघं कागदवाले. मला खुर्ची दिली नाही, मी मागून घेतली.

एका कागदवाल्याने विचारलं, "तू पलीकडची ना? तुमच्यात धुण्याची रीत काय असते?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. म्हटलं, "साहेब, तुमच्या खोलीतल्या पलंगाची चादर बावीस वर्षं मी धुते. तुम्हाला कधी खाज सुटली?"

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांचा चष्मा हलला.

मग मी म्हटलं, बाळांच्या खोलीतून उचललेल्या चादरी आणा, आणि ताप-विभागातल्या आज धुतलेल्या आणा. गठ्ठे आले. मी डोळे मिटले आणि एकेका चादरीचा कोपरा चिमटीत धरला. ताप, ताप, बाळं, ताप. टाका असलेली एकही चुकली नाही, बिनटाक्याच्या बाजूला ठेवल्या. डॉक्टर उठून जवळ आले. मी त्यांचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. पांढऱ्या चादरीत पांढरा दोरा, तापाला तीन टाके, बाळांना एक, दिसत नाही, पण लागतो. शाई गेली तशी माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक चादरीला मी तो घालत होते. खळबाईच्या नाकाखाली.

बाळांच्या खोलीतल्या सात चादरींवर ताप-विभागातल्या औषधाचे पिवळट डाग होते. डॉक्टरांनी स्वतः त्या सातांचे चारही कोपरे चाचपले. एकीलाही टाका नव्हता. मग त्यांनी हजेरीचं पुस्तक मागवलं. ज्या दोन दिवसांत त्या सात धुतल्या गेल्या, त्या दोन दिवसांत मी दाढ धरून घरी पडले होते, आणि निवडायला कुणाजवळ काही खूणच नव्हती.

आता ती न सांगितलेली गोष्ट. आज मी आले तर मास्तरीणबाईंनी चहा आणला, दोन कप, जोडीतले. मी विचारलं, माझा कुठाय? म्हणाल्या, "फुटला." फुटला कसला, कचऱ्याच्या डब्यात तो मला चांगला सबंध दिसत होता. म्हणून सांगते. पहिल्या दिवशी खळबाईने आम्हाला गाठोडं कसं बांधायचं ते दाखवलं. बांधताना टोक डाव्या हाताने दोनदा खालून फिरवून आत खोचलं, आणि मग एकदम थांबून सोडलं, दुसरी साधी गाठ मारली. ती गाठ पुलाअलीकडे कुणाला येत नाही. ती आपली गाठ आहे, ठके. खळबाई आपली आहे. तुझ्यासारखीच. बोलणं घासूनपुसून लख्ख केलेलं, बाहीची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

मास्तरीणबाई लिहायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मी हे ऐकलं नाही. फक्त लिहिलं."

बुधवारी डॉक्टरांनी तिला विचारलं, दोऱ्याच्या खुणा काढायचं कुणाला सुचलं? तिने माझ्याकडे बघितलं. टेबलाखाली तिचे हात रुमालाची टोकं बांधत होते आणि सोडत होते, तीच गाठ, तिला कळतही नव्हतं. मला कळलं आणि मला कळलंय हे तिला कळलं. माझ्या जिभेवर शब्द तयार होता. पाचजणींना रस्त्यावर काढायला निघालेली बाई, एका वाक्यात खाली आली असती. मी तोंड उघडलंसुद्धा.

तिचा चेहरा तुझ्यासारखा झाला होता. वाफेत रुमाल धरून उभी होतीस तेव्हासारखा. तेव्हा मला वाटलं होतं तुला माझी किळस येते. आठ वर्षं मी तेच धरून बसले. त्या टेबलापाशी पहिल्यांदा दिसलं की किळस आलेलं माणूस वेगळं दिसतं. ते भ्यालेलं तोंड होतं. खळबाईला आमच्या खुणा वाचता येत होत्या, म्हणूनच तिला त्या डोळ्यांपुढे नको होत्या. तिचीही कुणी आई कुठेतरी तीन दिवसांत तापाने गेलेली असेल, आणि मजेत भाजी निवडत बसली असेल.

मी म्हटलं, "साहेब, बाईंना आमच्या खुणा वाचता येत नाहीत, एवढंच. मी शिकवीन."

डॉक्टरांनी तो अंगठ्याचा कागद माझ्याकडून घेऊन फाडला आणि तुला काय हवं म्हणून विचारलं. त्यांना वाटलं असेल साडी मागेल. मी म्हटलं, खिडकी ओलांडायची आहे. एक महिना मळकी बाजू, एक महिना स्वच्छ, सगळ्यांनी पाळीपाळीने, अलीकडच्यांनीही. कागदवाले कुरकुरले. मी खुर्चीतून उठले नाही. दाढ गेल्यापासून माझी जागा धरून ठेवायची चिकाटी वाढली आहे. शेवटी हो म्हणाले.

म्हणून हे पत्र बंद पाकिटात आहे, तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर, बाहेर नाव फक्त मास्तरीणबाईंचं. जिला मी ओळखत नाही तिचं झाकलं, तर पोटच्या पोरीचं उघडं पाडणार नाही. तुझ्या सासूबाईंना माझ्याकडून काही कळणार नाही. पण ठके, नीट ऐक. झाकणं वेगळं आणि मरणं वेगळं. तुझ्या भीतीसाठी मी गप्प बसेन, मेलेली राहणार नाही. माझ्या हातांना मी लाजत नाही. तीन बाळांना फोड कशाने आले ते त्यांनी दाखवलं, कागदवाल्यांच्या पेनांना ते जमलं नाही. नातीला मी आहे एवढं तू तुझ्या तोंडाने सांगायचं. कधी, ते तू ठरव. माझं वय लक्षात घेऊन ठरव.

४ मे

ठके,

सध्या मी स्वच्छ बाजूला आहे. इथे फार कंटाळा येतो, सगळ्या बायका हळू बोलतात. आमच्या वाट्याची मळकी बाजू इस्त्रीवालीने घेतली आहे, पहिल्या दिवशी तिला उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे लाल दोरा मागितला. काल खळबाई तिच्या मदतीला उभी राहिली. सगळ्यांसमोर गाठोडं बांधलं. टोक डाव्या हाताने दोनदा खालून फिरवलं, आत खोचलं, आणि या वेळी सोडलं नाही. बाहीची बटणं उघडी होती. कुणाला कळलं, कुणाला नाही. ती खिडकीतून गाठोडं माझ्याकडे ढकलताना म्हणाली, "मावशी, घ्या." मी घेतलं.

आज तुझी पुडी आली. मास्तरीणबाईंनी आधी उलटीपालटी केली, चिठ्ठी शोधली, झटकून बघितली. म्हणाल्या, "अहो, यात काहीच लिहिलेलं नाही." मी म्हटलं, द्या इकडे.

एक लहानसा झगा. वापरलेला, खांद्याला घट्ट झाला असेल. मी डोळे मिटून कोपरा चिमटीत धरला. दोन उभे टाके आणि शेजारी गाठ.

आधी वाटलं तूच घातलेस. मग नीट चाचपलं. एक टाका तिरका गेलाय, दुसरा नको तेवढा लांब, गाठ तर ढेकळासारखी. हा तुझा हात नाही. तू सातव्या वर्षीसुद्धा माझ्याहून सरळ टाके घालायचीस. हा दुधाचे दात पडणाऱ्या बाईचा हात आहे, आणि तिच्या शेजारी बसून कुणीतरी तिला दाखवलंय. ब्लेडने उसवलंस, तरी बोटांतून गेलं नाही तर. टाका वाकडा आहे हे तिला माझ्या वतीने सांग. आजीने सांगितलं म्हणून सांग.

मी झगा मांडीवर पसरला तेव्हा मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला. त्यांच्या डोळ्यांना हल्ली पाणी येतं म्हणतात. येत असेल, वय झालं. मग त्यांनी विचारलं, उत्तर काय लिहू? मी म्हटलं, तुम्ही पेन ठेवा. एवढं एक मी लिहिते.

सोबत कपड्याची लहान पिशवी आहे. रिकामी आहे, आत काही शोधू नकोस. तोंडावर बघ. एक आडवा कच्चा टाका आहे, लाल दोऱ्याचा, तुला लांबून दिसेल असा. त्याचा अर्थ तुला ठाऊक आहे आणि आता मास्तरीणबाईंनाही.

न्यायला येशील तेव्हा नातीला घेऊन ये. तो टाका तिला ओढू दे. आणि धुलाईखोलीच्या मागच्या दाराने येऊ नकोस, पुढून ये. मी आता पुढच्या बाजूला असते.